युग्मित ट्रान्समिशन लाइनवर आधारित विस्तृतपट्ट बॅलन आणि त्याची पेटंटयोग्यता

प्रस्तावना

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढील काळात शहरांतील गच्च्यांवर व खेड्यांतील कौलांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे यागी अँटेना दिसू लागले. त्या अँटेनातील दुमडलेल्या द्विध्रुवाचा संरोध सुमारे ३०० ओहम असे. त्याची दोन्ही टोके जमिनीच्या संदर्भात समान परंतु विरुद्ध दाबाची, म्हणजे संतुलित असत. संचाकडे जाणारी गोल सहअक्ष केबल मात्र ७५ ओहमची व असंतुलित होती, कारण तिचे बाहेरील जाळीदार आवरण भूसंपर्कात असते. या दोहोंना जोडणारी जी लहानशी डबी अँटेनाच्या मध्याशी बसवलेली असे, ती म्हणजे बॅलन. 'बॅलन्स्ड' आणि 'अनबॅलन्स्ड' या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून हे नाव तयार झाले आहे.

आज हाच घटक सूक्ष्मतरंग मिश्रक, पुश-पुल प्रवर्धक, मापनसाधने आणि मोबाइल दूरध्वनीच्या चकत्यांमध्ये आढळतो. महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांत त्यावर पदव्युत्तर प्रकल्प होतात आणि काही वेळा निष्पत्ती खरोखरच चांगली असते. मग विभागात प्रश्न उपस्थित होतो की या रचनेचे पेटंट, म्हणजेच शासकीय मराठीतील 'एकस्व', मिळेल काय? या प्रश्नास बहुधा बँडविड्थच्या आकड्याने उत्तर दिले जाते. पूर्वीचा बॅलन १ ते ३ गिगाहर्ट्झ चालत होता, हा १ ते ५ गिगाहर्ट्झ चालतो, म्हणून हा नवा शोध आहे, असे मानले जाते. हे उत्तर अपुरे आहे. ते का अपुरे आहे, हे समजण्यासाठी प्रथम या विषयातील जुन्या ज्ञानाकडे पाहिले पाहिजे.

१९४४ पासूनचे पूर्वज्ञान

पेटंट परीक्षकासमोर बॅलनचा अर्ज आला की त्याला फार मागे जावे लागते. १९४४ हे वर्ष या विषयात विलक्षण ठरले. स्वित्झर्लंडमधील ब्राउन बोव्हेरी कंपनीतील गुस्ताव ग्वानेला यांचा संरोध-जुळणीवरील लेख आणि नेथन मर्चंड यांचा ट्रान्समिशन लाइनच्या रूपांतरकांवरील लेख हे दोन्ही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. आजच्या बहुतेक विस्तृतपट्ट बॅलनांची वंशावळ यांपैकी एका लेखापाशी पोहोचते.

ग्वानेला यांची कल्पना दूरदर्शनच्या उदाहरणावरून सहज समजते. १५० ओहमच्या दोन ट्रान्समिशन लाइन घेतल्या. एका बाजूस त्या एकसर जोडल्या, तेव्हा ३०० ओहम मिळाले. दुसऱ्या बाजूस समांतर जोडल्या, तेव्हा ७५ ओहम मिळाले. दोन्ही लाइन गुंडाळून त्यांची वेटोळी केली की दोन तारांमधून एकाच दिशेने वाहू पाहणाऱ्या अनिष्ट प्रवाहास अडथळा होतो व संतुलन साधते. मर्म असे की दोन्ही लाइनची लांबी समान असल्याने दोन्ही दाब सारख्याच विलंबाने पोहोचतात आणि म्हणून वारंवारता वाढली तरी त्यांची बेरीज बिघडत नाही. खालची मर्यादा वेटोळ्यांच्या प्रवर्तकतेने ठरते. वरची मर्यादा विलंबातील फरकाने येत नाही, प्रत्यक्ष बांधणीतील अपूर्णतेने येते.

बेल प्रयोगशाळेतील सी. एल. रुथरॉफ यांनी १९५९ मध्ये दुसरा मार्ग दाखवला. त्यांच्या १:४ रूपांतरकात थेट आलेला दाब आणि लाइनमधून विलंबाने आलेला दाब यांची बेरीज होते. रचना सोपी आहे, एकच लाइन पुरते. परंतु लाइनची लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी झाली की दोन्ही दाब एकमेकांस छेदतात आणि निर्गम शून्य होतो. तरीही लाइन आखूड ठेवून त्यांनी २०,००० : १ पर्यंत वारंवारता-गुणोत्तराचे रूपांतरक प्रसिद्ध केले, काही दशक किलोहर्ट्झपासून हजार मेगाहर्ट्झच्या पलीकडे जाणारे. आजच्या प्रकल्प-अहवालातील 'पाचास एक' या पट्ट्याचा अभिमान बाळगण्यापूर्वी ही संख्या डोळ्यांसमोर असलेली बरी.

मर्चंड यांच्या बॅलनात पाव तरंगलांबीचे लाइनखंड असतात, आणि त्याचे सपाट, छापील रूप हाच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. त्यात दोन युग्मित खंड असतात. शेजारी ठेवलेल्या दोन पट्ट्यांचे विद्युत व चुंबकीय क्षेत्र एकमेकांत मिसळते आणि ऊर्जा एकीतून दुसरीत जाते. गणितात या जोडीचे वर्णन दोन रीतींनी केले जाते. सम रीतीत दोन्ही पट्ट्यांवर समान दाब असतो, विषम रीतीत विरुद्ध. प्रत्येक रीतीचा संरोध निराळा असतो. स्रोत व भार दोन्ही ५० ओहमचे असतील तर प्रत्येक खंडाचे युग्मन १/√३, म्हणजे सुमारे उणे ४.८ डेसिबल असावे लागते. त्यासाठी सम संरोध सुमारे ९६.६ ओहम आणि विषम संरोध सुमारे २५.९ ओहम हवा. हे सूत्र उपलब्ध वाङ्मयात आहे. ते कोणाच्या मालकीचे नाही आणि होऊही शकत नाही.

अडचण बांधणीत येते. एकाच पृष्ठावर शेजारी ठेवलेल्या पट्ट्यांत इतके घट्ट युग्मन साधायचे तर मधली फट अतिशय अरुंद करावी लागते आणि सामान्य छापील मंडलाच्या प्रक्रियेत ती नेमकी कोरता येत नाही. शिवाय मायक्रोस्ट्रिपमध्ये क्षेत्राचा काही भाग हवेत व काही पराविद्युतात असल्याने दोन रीतींचे वेग जुळत नाहीत, आणि त्यामुळे दोन्ही निर्गमांतील समतोल ढळतो. या दोषांवरील उपायही बरेच जुने आहेत. १९६९ मध्ये ज्यूलियस लँग यांनी एकमेकांत गुंफलेल्या बोटांसारख्या पट्ट्यांचा युग्मक सुचवला. पट्ट्या एकमेकींवर ठेवणे, टोकांना लहान धारित्र जोडणे, भूपत्र्यात खाच पाडणे, थर वाढवणे हे सारे मार्ग जाणकारास ठाऊक आहेत.

कायद्याची कसोटी

भारतीय पेटंट अधिनियम, १९७० मधील कलम २(१)(जे) नुसार शोध म्हणजे शोधकतेची पायरी असलेली व औद्योगिक उपयोगास योग्य अशी नवी वस्तू किंवा प्रक्रिया. बॅलनच्या बाबतीत औद्योगिक उपयोगाचा प्रश्न उद्भवतच नाही. नावीन्यही अनेकदा सिद्ध करता येते, कारण नेमकी तीच भूमिती पूर्वी कोणी छापलेली नसते. अर्ज अडतो तो शोधकतेच्या पायरीपाशी. कलम २(१)(जेए) नुसार शोधामुळे ज्ञात ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती झालेली असावी किंवा त्यास आर्थिक महत्त्व असावे किंवा दोन्ही असावे. आणि याखेरीज तो त्या क्षेत्रातील जाणकारास सहज सुचणारा नसावा. ही शेवटची अट पर्यायी नाही. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा ही तांत्रिक प्रगती मानली तरी ती सहज सुचणाऱ्या मार्गाने मिळाली असेल तर तिचा उपयोग होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या १९७८ च्या निकालात हीच कसोटी एका अगदी वेगळ्या वस्तूला लावली होती. वाद होता भांडी घडवताना ती लेथवर धरून ठेवण्याच्या साधनाचा. ज्ञात साधनात केलेला बदल कारखान्यातील कुशल कारागिराच्या नित्याच्या सुधारणेपलीकडचा असला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले आणि पेटंट रद्दबातल ठरवले. लेथच्या जागी सिम्युलेशनची प्रणाली व कारागिराच्या जागी पदव्युत्तर विद्यार्थी कल्पिला की निकालाचा रोख स्पष्ट होतो. संगणकाने पट्टीची रुंदी, फट व लांबी यांची हजारो मूल्ये तपासून उत्तम मूल्य निवडले, तर ते काम कितीही कष्टाचे असले तरी नित्याच्या सुधारणेतच मोडते.

कलम ३ मधील दोन उपकलमांचाही येथे विचार करावा लागतो. उपकलम (के) गणितीय पद्धतीस वगळते, म्हणून संरोधाचे सूत्र किंवा रचनेची गणनपद्धती यांवर दावा करता येत नाही. उपकलम (एफ) ज्ञात साधनांच्या निव्वळ मांडणीस किंवा फेरमांडणीस वगळते. अट अशी की ती साधने ज्ञात रीतीने व एकमेकांपासून स्वतंत्रपणे कार्य करीत असावीत. परीक्षण-अहवालात हा आक्षेप आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. युग्मित लाइनचे वैशिष्ट्यच असे की त्या स्वतंत्रपणे कार्य करीत नाहीत. एकीचे वर्तन दुसरीच्या सान्निध्याने बदलते. हे उत्तर विनिर्देशात मोजमापांसह मांडता आले तर आक्षेप टिकत नाही. मात्र त्यामुळे शोधकतेचा प्रश्न सुटत नाही, कारण लाइनची परस्परक्रियाही वाङ्मयात सविस्तर वर्णिलेली आहे. हे दोन आक्षेप एकच समजून एकच उत्तर देण्याची चूक अर्जांत होऊ शकते, आणि ती महाग पडते.

एक कल्पित उदाहरण

समजा, एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील शिक्षकाने सपाट मर्चंड बॅलन तयार केला. त्यात त्याने तीन बदल केले. फटीची रुंदी सिम्युलेशनने निवडली. लाइनच्या टोकांना धारित्र जोडले. भूपत्र्यातील खाच लाइनच्या बरोबर खाली न ठेवता एका बाजूस सरकवली. पहिला बदल मूल्यनिवडीचा आहे. दुसऱ्याचा हेतू व परिणाम दोन्ही ज्ञात आहेत. तिसऱ्याविषयी मात्र जाणकार असे म्हणेल की खाच एका बाजूस सरकवल्यास सममिती भंगेल आणि समतोल आणखी बिघडेल. प्रत्यक्ष मापनात मात्र दोन निर्गमांमधील कलाभेद १८० अंशांच्या अधिक जवळ राहिला, तर येथे पेटंटयोग्य बीज आहे. ज्ञात वाङ्मय ज्या दिशेपासून परावृत्त करते, त्या दिशेने जाऊन लाभ मिळणे ही शोधकतेची सबळ खूण मानली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या निकालात ज्ञात घटकांच्या अपेक्षित परिणाम देणाऱ्या संयोगास सहज सुचणारा ठरवले. तेथेही भर 'अपेक्षित' या शब्दावरच होता.

म्हणून शिक्षकाने विनिर्देशात बँडविड्थचा आलेख देऊन थांबू नये. खाच मध्यभागी, थोडी सरकवलेली व अधिक सरकवलेली अशा तिन्ही स्थितींची मापने द्यावीत आणि परिणामाचे कारण मांडावे. कलम १० नुसार शोधाचे पूर्ण वर्णन व अर्जदारास ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धत देणे बंधनकारकच आहे.

दाव्याची भाषा

दावा लिहिताना दोन टोके टाळावी लागतात. '१ ते ५ गिगाहर्ट्झ चालणारा बॅलन' असा दावा परिणामाचा आहे, रचनेचा नाही. तो ग्वानेलांपासूनच्या साऱ्या पूर्वज्ञानावर आदळतो. दुसरे टोक म्हणजे प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये नमूद करणे. असे पेटंट मिळेल, पण प्रतिस्पर्धी एक माप किंचित बदलून सहज बाजूला होईल. या दुसऱ्या धोक्याचे जुने उदाहरण रेडिओच्याच क्षेत्रातील आहे. मॅके रेडिओ विरुद्ध आरसीए या १९३९ च्या अमेरिकी खटल्यात व्ही-आकाराच्या अँटेनाचा वाद होता. तारांची लांबी व त्यांमधील कोन यांचा संबंध एका ज्ञात सूत्रातून घेतला होता. वैज्ञानिक सत्य पेटंटयोग्य नसले तरी त्याच्या साहाय्याने घडवलेली नवी, उपयुक्त रचना पेटंटयोग्य असू शकते, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. परंतु दावा सूत्राला बांधलेला होता आणि मॅकेच्या अँटेनाची मापे त्या सूत्रात बसत नव्हती. म्हणून पेटंटचा भंग झाला नाही असे ठरले. तत्त्व जिंकले, पेटंटधारक हरला.

वरील उदाहरणात मुख्य दावा खाचेच्या स्थानाचा लाइनच्या मध्यरेषेशी असलेला संबंध सांगणारा असावा. धारित्र, थरांची संख्या व मापांच्या मर्यादा अवलंबित दाव्यांत याव्यात.

शोधनिबंध आणि अर्ज यांचा क्रम

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग हाच. मूल्यमापनात शोधनिबंधास गुण असल्यामुळे निष्कर्ष हाती येताच परिषदेत वाचण्याची घाई होते. कलम २(१)(एल) नुसार अर्जाच्या दिनांकापूर्वी देशात किंवा जगात कोठेही प्रसिद्ध झालेल्या लेखनाने नावीन्य नष्ट होते, मग ते लेखन स्वतः शोधकाचे का असेना. ग्रंथालयात सर्वांना उपलब्ध झालेला प्रबंधही यातून सुटत नाही. कलम ३१ मध्ये सवलत आहे. विद्वत्सभेपुढे शोधकाने वाचलेला किंवा त्याच्या संमतीने तिच्या वृत्तांतात छापलेला निबंध बारा महिन्यांच्या आत अर्ज केल्यास बाधक ठरत नाही. परंतु तिची व्याप्ती अरुंद आहे. कोणत्याही नियतकालिकातील लेख, संकेतस्थळावरील सादरीकरण किंवा व्यापारी प्रदर्शन त्यात आपोआप बसत नाही. त्यामुळे सवलतीवर विसंबण्यापेक्षा निबंध पाठवण्यापूर्वी कलम ९ नुसार तात्पुरता विनिर्देश दाखल करणे शहाणपणाचे. त्यानंतर पूर्ण विनिर्देशासाठी बारा महिने मिळतात आणि त्या अवधीत मापने पूर्ण करता येतात. मात्र तात्पुरत्या विनिर्देशात खाचेचा उल्लेख नसेल तर खाचेच्या दाव्यास त्या दिनांकाचा लाभ मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांसाठी मुंबईचे पेटंट कार्यालय आहे. २०२१ च्या नियमदुरुस्तीने शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत दिली. २०२४ च्या दुरुस्तीने परीक्षणाची विनंती करण्याची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आणली. ही मुदत चुकल्यास अर्ज मागे घेतला असे मानले जाते. पेटंटची मुदत अर्जाच्या दिनांकापासून वीस वर्षे असते.

परदेशी पेटंट हवे असल्यास निबंधाचा क्रम अधिकच निर्णायक ठरतो. भारतातील रहिवाशास कलम ३९ नुसार आधी परवानगी घ्यावी लागते किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. अमेरिकेत शोधकाच्या स्वतःच्या प्रकाशनास एक वर्षाची मुभा आहे. युरोपीय पेटंट करारात मात्र ती नाही. कलम ५५ मधील सहा महिन्यांचा अपवाद विश्वासघाताने झालेल्या प्रकटीकरणापुरता व अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांपुरता आहे. विभागीय परिषदेच्या स्मरणिकेत छापलेली दोन पानेही तेथे पूर्वज्ञानच ठरतात.