नव्या तबकडी-यंत्राकडून आमच्या अपेक्षा

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने गाण्याच्या व चित्रपटाच्या यंत्रावर लेख लिहावा, हे आमच्या काही वाचकबंधूंस विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या मंडळातील काही सभासद विजेच्या उपकरणांचा व्यापार करतात, आणि उरलेल्या बहुतेकांच्या घरी एखाद्या कपाटात सीडी, व्हीसीडी व डीव्हीडी यांची चळत धूळ खात पडलेली आहे. त्या चळतीचे पुढे काय होणार, हा प्रश्न व्यापाराचाही आहे आणि घराचाही. यास्तव तबकड्या वाजविणारे नवे उंची यंत्र बाजारात येईल तेव्हा त्याच्याकडून ग्राहकाने काय मागावे, याविषयी आम्ही चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम बाजाराची स्थिती पाहू. या धंद्यात ज्यांचे नाव आदराने घेतले जाई त्या ओप्पो कंपनीने २०१८ सालच्या एप्रिलमध्ये अशी यंत्रे बनविणे थांबविल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये सॅमसंगने ब्लू-रे यंत्रांचा नाद सोडला. २०२४ मध्ये एलजी त्याच वाटेने गेली. सोनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केले. उलट बाजूस पॅनासॉनिकचे डीपी-यूबी९००० हे भारी यंत्र २०१८ मध्ये आले, आणि मॅग्नेटार या नव्या नावाने २०२३ मध्ये यूडीपी९०० हे सुमारे तीन हजार डॉलर किमतीचे यंत्र काढले. म्हणजे मोठे पेढीवाले दुकान आवरीत आहेत आणि थोडे लोक थोड्या गिऱ्हाइकांसाठी महाग माल काढीत आहेत. आवक घटली की भाव चढतो, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. अशा वेळी नमुना नीट पाहिल्याखेरीज सौदा करू नये.

आता आमच्या लोकांजवळ माल कोणता आहे? २००७ साली मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली आणि एका वर्षात या धंद्याचे रूप पालटले. किराणा दुकानाच्या काउंटरवर बिस्किटांशेजारी चित्रपट मिळू लागले. बुऱ्हाणपुरात हिंदी व मराठी दोन्हींचा शौक. जळगाव-भुसावळकडून येणारा पाहुणा मराठी नाटकांच्या व्हीसीडी हटकून बरोबर आणी. ती कंपनी पुढे बुडाली व २०१८ मध्ये तिचे विसर्जन करण्याचा आदेश झाला. परंतु त्या स्वस्त तबकड्या घरोघर राहिल्याच. त्यांतली कित्येक नाटके व कीर्तने पुन्हा कोणी छापली नाहीत.

आणि इथेच आमची पहिली व सर्वांत मोठी अपेक्षा येते. तीन हजार डॉलरच्या यंत्राने अठ्ठावीस रुपयांची व्हीसीडी वाजविली पाहिजे.

हे मागणे हास्यास्पद वाटेल, परंतु त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. तबकडीवरील मजकूर प्रकाशाने वाचला जातो. सीडीवर मजकुराच्या शेजारशेजारच्या ओळींत १.६ मायक्रोमीटरचे अंतर असते, डीव्हीडीवर ०.७४ आणि ब्लू-रेवर अवघे ०.३२. जसजशी ओळ बारीक, तसतसा किरणही बारीक लागतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अदृश्य किरण, डीव्हीडीसाठी ६५० चा तांबडा, ब्लू-रेसाठी ४०५ चा निळसर-जांभळा. तुरीच्या चाळणीने राजगिरा चाळता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून चांगल्या यंत्रात तिन्ही किरण ठेवावे लागतात. व्हीसीडी ही अंगाने सीडीच होय. जे यंत्र सीडी वाजविते त्याला व्हीसीडीवरील खुणा दिसतातच. तरीही अनेक ब्लू-रे यंत्रे तिला नाकारतात, ते केवळ आतील आज्ञावलीत तिची सोय ठेवली नाही म्हणून. ज्या देशांत ही यंत्रे विकली जातात त्यांतील पुष्कळ ठिकाणी व्हीसीडी कधी रुजलीच नाही. आमच्याकडे मात्र कोठारे तिचीच भरलेली आहेत. तेव्हा ही सोय मागून घेणे हे आपले काम आहे.

या संदर्भात आम्हांस केसरबाई केरकर यांची आठवण होते. गोव्यातील केरी गावच्या या थोर गायिकेची भैरवी अमेरिकेने १९७७ साली वॉयेजर यानांबरोबर अंतराळात धाडली. सोन्याचा मुलामा दिलेली ती तांब्याची तबकडी मिनिटाला १६⅔ फेरे या गतीने वाजवावयाची आहे. पहिले यान २० ऑगस्टला व दुसरे ५ सप्टेंबरला सुटले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या. ज्यांनी ती तबकडी पाठविली त्यांनी तिच्यासोबत सुई व ध्वनिग्राहकही ठेवला, आणि कशी वाजवावी याची चित्रे वेष्टनावर कोरली. न जाणो कोणा परग्रहवासीयास ती सापडेल, तर त्याच्या घरी ग्रामोफोन नसणार, एवढा विचार त्यांनी केला. आपण आपल्या नातवंडांविषयी तेवढाही केलेला नाही.

दुसरी गोष्ट घरगुती तबकड्यांची. २००० ते २०१२ च्या सुमारास झालेल्या लग्नांचे, दीक्षा-समारंभांचे व प्रवचनांचे चित्रण छायाचित्रकारांनी घरच्या घरी कोऱ्या तबकडीवर उतरवून दिलेले आहे. कारखान्यात छापलेल्या तबकडीत खुणा दाबून उठविलेल्या असतात. या घरगुती तबकडीत त्या एका रंगद्रव्याच्या थरात भाजलेल्या असतात, आणि तो थर ऊन, उष्मा व दमटपणा यांनी हळूहळू फिका पडतो. निमाडचा उन्हाळा ठाऊक असणाऱ्यास अधिक सांगणे न लगे. आमच्या वडील बंधूंच्या कन्येच्या विवाहाची अशी एक तबकडी आमच्याजवळ आहे. तीत आमच्या मातोश्रींचा आवाज आहे, आणि तो दुसरीकडे कोठेही नाही. ती तबकडी आता एका यंत्रात अडखळते व दुसऱ्यात मुळीच दिसत नाही. नव्या यंत्राने फिक्या खुणाही धीराने, गती कमी करून, पुनःपुन्हा वाचाव्यात, आणि घरच्या तबकडीची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याची सोय द्यावी. चित्र थोडे निकृष्ट चालेल. यंत्राने वाचण्याआधीच ‘तबकडी अयोग्य’ असे दाखवून ती बाहेर ढकलणे आम्हांस मान्य नाही.

चित्राविषयी जाहिरातीत फार बोलले जाते. व्हीसीडीच्या चित्रात ३५२ गुणिले २८८ म्हणजे १,०१,३७६ ठिपके असतात. आजच्या मोठ्या पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके. एका ठिपक्याचे सुमारे ८२ करावयाचे! एका दाण्याचे ८२ दाणे शेतातच होतात, यंत्रात होत नाहीत. यंत्र फक्त अंदाज बांधते. तो अंदाज बेताचा असावा, चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत होऊ नयेत, एवढेच आमचे म्हणणे. तसेच प्रभातचे १९३६ चे ‘संत तुकाराम’ किंवा १९४१ चे ‘शेजारी’ यांचे चित्र चौकोनी घाटाचे आहे. ते आडवे ताणून पडदा भरला की तुकोबा व आवली दोघेही स्थूल दिसू लागतात. मूळ घाट राखण्याचे बटन हाताशी हवे, सात पायऱ्या उतरून शोधावे लागू नये.

रसिकांच्या कानाला लागणारी एक बाब मात्र जाहिरातीत कधी येत नाही. बोलपट सेकंदाला २४ चित्रे या गतीने घेतला जातो. आपल्याकडील जुन्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे लागतात, म्हणून पुष्कळदा चित्रपट सरळ २५ च्या गतीने पळवून तबकडीवर उतरवीत. १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो, त्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु गाणेही वर चढते. कोमल व शुद्ध स्वरांत जे अंतर असते त्याच्या सुमारे सत्तर टक्के इतका स्वर चढतो. ज्याने ते गाणे ग्रामोफोनवर ऐकले आहे त्याला गायकाचा आवाज कोवळा व घाईचा वाटतो, आणि का ते कळत नाही. गती २५ वरून २४ वर आणून स्वर मूळ जागी बसविण्याची सोय उंची यंत्रात असावी. कठीण काम नाही. मागणाराच कोणी नव्हता.

हल्लीची यंत्रे तबकडीखेरीज हार्ड डिस्कवर साठविलेली गाणीही वाजवितात. तेथे एफएलएसी नावाची पद्धत चांगली, कारण तीत जागा जवळजवळ निम्मी लागते व एक कणही गळत नाही. एमपी३ मध्ये चाळणीतून बरेच खाली जाते. परंतु आमची तक्रार अक्षरांविषयी आहे. देवनागरी नावे कित्येक यंत्रांवर नुसत्या चौकटी होऊन येतात, किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते व जोडाक्षरे फुटतात. गीतरामायणाची छप्पन्न गाणी अकारविल्हे लागली तर रामजन्मापूर्वी वनवास घडतो. शिवाय मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात एका भागातून दुसऱ्यात जाताना क्षणभर तंबोरा थांबला की सगळी बैठक मोडते. दोन भागांमध्ये अजिबात खंड पडता कामा नये.

सूपर ऑडिओ सीडीसारखे प्रकार आमच्या भागात विरळा, त्यांवर आम्ही बोलत नाही. प्रदेश-बंधनाचा जाच मात्र परदेशी नातलगांस होतो. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या प्रदेशात व अमेरिका पहिल्यात; तिकडून प्रेमाने आणलेली तबकडी येथे मुकी ठरते. ४के तबकड्यांना हे बंधन नाही, हे उत्तम झाले.

बुऱ्हाणपुरात यंत्र ठेवणाऱ्याने यंत्रमागांच्या गावातील हवा लक्षात घ्यावी. कापसाचे बारीक तंतू येथे सर्वत्र उडतात व भिंगावर बसतात. यंत्राच्या पोटात पंखा असेल तर तो तंतू आत ओढणारच. म्हणून पंख्याविना थंड राहणारे, जड बांध्याचे व झाकबंद यंत्र आम्ही पसंत करू. विजेचा दाब वरखाली झाल्यास ते तगले पाहिजे. किरण टाकणारा भाग, ज्याला कारागीर ‘पिकअप’ म्हणतात, तो झिजणारच. तो दहा वर्षे सुटा मिळेल असे विक्रेत्याने पावतीवर लिहून द्यावे. आमच्या एका स्नेह्यांचे यंत्र एवढ्याशा भागावाचून दोन वर्षे बंद पडून आहे, आणि विक्रेता नवे घ्या म्हणतो.

कोणी म्हणेल, आता सर्व काही मोबाइलवर दुरून येते, हा खटाटोप कशाला? दुरून येणारा चित्रपट म्हणजे दुसऱ्याच्या गोदामातील माल. मालकाने कुलूप बदलले की आपली पावती कागद ठरते. शिवाय मातोश्रींचा आवाज कोणत्याही गोदामात नाही.

उपकरणांचा व्यापार करणाऱ्या बंधूंना एक विनंती. ग्राहक येईल तेव्हा कंपनीची झगमगीत नमुना-तबकडी लावून दाखवू नका. आम्ही परखी पोत्याच्या तळापर्यंत घालतो, तशी त्याला त्याच्या घरची तबकडी आणावयास सांगा. एक व्हीसीडी, एक घरच्या लग्नाची, एक ओरखडे पडलेली आणि देवनागरी नावांचा एक पेन ड्राइव्ह. चारही अर्ध्या तासात लावून होतात. जे यंत्र या चौघांना पुरून उरेल त्याचे पैसे रोखीने मोजावयास आम्ही तयार आहोत.