तीन चौकटींचं गाव

दोस्तांनो, पेन्सिल घ्या! आडवा शब्द, तीन अक्षरं : ‘परभणी जिल्ह्यातला तालुका, निजामशहाच्या पूर्वजांचं गाव.’ अडलात ना? उत्तर आहे पाथरी!

अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) निजामशाही स्थापणाऱ्या अहमद निजामशहाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. पण गाव होतं वऱ्हाडच्या इमादशहाकडे. अहमदचा मुलगा बुऱ्हाण याच्या राज्यात ते परत मागितलं गेलं, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नकार मिळाला! मग १५१८ साली निजामशाही फौजेनं पाथरी जिंकूनच घेतली.

बघा, तीन चौकटींत केवढी लढाई! तेव्हा कोडं सोडवताना नुसतं उत्तर भरून पुढे पळू नका; ‘असं का?’ हेही विचारा. आता तुमच्या गावाचं शोधसूत्र करा बरं, आई-बाबाही अडतील असं!