सळ घातलेली वही

हाताने वह्या बांधण्याचा छंद हल्ली बराच फोफावला आहे. जपानी धर्तीची कडेने टाके घातलेली बांधणी, कणा उघडा ठेवणारी कॉप्टिक शिवण, पुठ्ठ्यावर चिकटवलेली वाळकी फुले, हे सगळे शिकवणारे व्हिडिओ हवे तेवढे मिळतात. यात गैर काही नाही. पण सुरतेत राहणाऱ्या छांदिष्टाने आधी जपानकडे बघावे याचे मात्र नवल वाटते. दिवाळीच्या तोंडावर, पुष्य नक्षत्राचा मुहूर्त गाठून, ज्या दुकानांत लाल कापडाचे चोपडे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्या, खपतात तिथे वहीविद्येचा अख्खा धडा मांडून ठेवलेला असतो. वहीचे देखणेपण तिच्या कामातून यावे, ते वरून डकवू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. आणि त्याला चोपड्याइतका चांगला साक्षीदार दुसरा सापडत नाही.

पारंपरिक चोपड्याच्या पानावर छापील रेघ नसते. पान दुमडून त्यावर सळ पाडलेले असतात. आठ सळांचे पान घेतले तर डावीकडचे चार जमेचे, उजवीकडचे चार नावेचे. प्रत्येक बाजूचा पहिला सळ म्हणजे सिरा, तिथे रक्कम मांडायची. उरलेले तीन पेट्याचे, त्यांत नाव, मिती आणि तपशील. पट्टी लागत नाही, शाई लागत नाही, एका दाबात कित्येक पानांवर आखणी होते. दिव्याच्या तिरप्या उजेडात सळाची बारीक सावली दिसते आणि नजर चुकली तरी बोटाला उंचवटा लागतो. लिहून झाल्यावर पानावर फक्त अक्षर उरते, आखणी मागे सरते. छापील रेघांच्या वहीत उलट होते: अक्षर फिकट आणि रेघ ठसठशीत. मुखपृष्ठाचेही तसेच. लाल रंग शुभ म्हणून, हे खरे. पण जाडेभरडे सुती कापड, त्यावर पांढऱ्या दोऱ्याची टीप आणि वरून गुंडाळायची दोरी, यांतली एकही गोष्ट केवळ शोभेची नाही. टिपेमुळे कापडाचे थर सरकत नाहीत, मऊ आवरणामुळे चोपडा गादीवर मांडीपाशी उघडा पडून राहतो, दोरीमुळे कोपरे दुमडत नाहीत. पहिल्या पानावर ‘श्री’चा मनोरा रचतात, एकाखाली दोन, दोनाखाली तीन, सजावट म्हणायची तर तेवढीच, आणि तीही लेखणीनेच केलेली.

शिवणीचे महत्त्व कायद्यालाही पटले होते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमाने धंद्याच्या ओघात नियमित लिहिलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी पुराव्यात ग्राह्य धरल्या. मग वही कशाला म्हणायचे, हा प्रश्न १९९८ साली जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने फायलीतल्या सुट्या कागदांना वही मानायला नकार दिला. फाडल्याशिवाय वेगळी होत नाहीत अशी एकत्र बांधलेली पाने म्हणजे वही. त्याच निकालात स्पायरलच्या वह्यांना मात्र वहीचा मान मिळाला, ही शिवणीच्या भक्तांना जरा टोचणारी गोष्ट! तरी मुद्दा शिल्लक राहतोच. पानांना वहीपण येते ते बांधणीने, मुखपृष्ठाने नव्हे.

इतिहास थोडक्यात आटोपतो. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही आपल्याकडची कागदाची जुनी ठिकाणे. गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. कागदानंतर छपाई. सुरतेचा भीमजी पारेख हा ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल. त्याच्या खटपटीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईत आला खरा, पण देशी अक्षरांचे खिळे त्याला पाडता आले नाहीत. सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ ची लूट आठवते, त्याला इलाज नाही. मला मात्र १८४४ जास्त जवळचे वाटते. त्या वर्षी दुर्गाराम मेहताजी, आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी सुरतेत मानवधर्मसभा काढली. सभेतल्या चर्चा दुर्गाराम लिहून ठेवत, आणि त्या नोंदींच्या आधारे पुढे महिपतराम रूपराम यांना त्यांचे चरित्र लिहिता आले. कोरी राहिलेली सुंदर वही असे काही करू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की चोपडा आता पूजेपुरता उरला आहे. हिशेब संगणकात गेले, २०१७ नंतर वस्तू व सेवा कराने उरलीसुरली कसर भरून काढली, लक्ष्मीपुढे लॅपटॉप मांडतात. मान्य. पण हिशेब सुटला म्हणून बांधणी निकामी ठरत नाही. सिरा आणि पेटा हे दोन कप्पे रोजनिशीला तितकेच शोभतात: सिऱ्यात तारीख, पेट्यात मजकूर. पाककृतीची वही करायची तर सिऱ्यात प्रमाण आणि पेट्यात कृती. एकच पथ्य सांभाळावे. बाजारातल्या ए-फोर कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. तो मधोमध दुमडला की घडी तंतूंना आडवी येते आणि वही मिटायला कुरकुरते. म्हणून मोठा ताव घेऊन असा कापावा की तंतू कण्याला समांतर राहतील. मग आठ कागद दुमडून बत्तीस पानांचा एक जुज, आणि असे जुज मेण लावलेल्या सुती दोऱ्याने शिवायचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा छंद आहे, सजावटीतच त्याची मजा, ती काढून घेतली तर उरले काय? आणि सुरतेत तर रिंग रोडच्या कापडबाजारामुळे चिंध्यांना, लेसना, जरीच्या काठांना तोटा नाही. पण इथेच वस्तूचा स्वभाव ओळखावा लागतो. हातकागद सुती चिंध्यांचा चांगला होतो, आणि सुरतेची कातरण बहुतेक पॉलिस्टरची. तिचा लगदा करून कागद होत नाही. ती आवरणालाच वापरावी. तिथेही गव्हाची खळ पॉलिस्टरवर नीट धरत नाही, आणि पातळ कापडातून डिंक वर येऊन डाग पडतो. शिंप्याकडचे इस्त्रीने चिकटणारे बकरम आधी मागे लावले की दोन्ही अडचणी मिटतात, शिवाय कापडाला चोपड्याच्या टिपेसारखी ताठरता येते. म्हणजे सजावटीवर बंदी नाहीच. तिने वहीचे एखादे काम अंगावर घ्यावे, इतकीच अट.

जरीला हीच अट लावून पाहावी. खऱ्या जरीत रेशमावर गुंडाळलेली, सोन्याचे पाणी दिलेली चांदीची तार असते. नकली जरीत तांबे येते, आणि त्याहून स्वस्त जरी धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पट्टीची. उधन्यात किंवा लिंबायतमध्ये खानदेशातून आलेल्या मराठी घरांत जुन्या साडीचा काठ कपाटात असतोच. तो वहीच्या कण्यावर आडवा बसवला तर उघडझाप सोसणारा भाग बळकट होतो आणि दिसतोही छान. शिवणीला मात्र जरीचा धागा घेऊ नये. गुंडाळलेली तार भोकातून ओढताना सुटते, कागदाची कड कातरते, आणि तांब्याची असली तर पावसाळ्याच्या दमट हवेत काळी पडून घडीत डाग सोडते. साधा पांढरा सुती दोरा घ्यावा, गाठ जुजाच्या आतल्या बाजूला मारावी आणि टोके अर्धा इंच राखून कापावीत.