मानसोपचारातील तिसरा श्रोता

‘पर्यवेक्षण’ या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम परीक्षेची खोली उभी राहते. बाकांच्या रांगांतून फेऱ्या घालणारा आणि कोणी मान वळवताच दटावणारा पर्यवेक्षक आपण सर्वांनी पाहिलेला असतो. शाळेत याच नावाचे एक पदही असते; शिक्षकांच्या दैनंदिन कामावर लक्ष ठेवणे हे त्या पदाचे प्रयोजन होय. दोन्ही ठिकाणी या शब्दात थोडा धाक आणि थोडा संशय मिसळलेला आहे. मानसोपचाराच्या क्षेत्रात मात्र हाच शब्द एका निराळ्या व्यवहारासाठी योजिला जातो. तेथे पर्यवेक्षण म्हणजे उपचारकाने आपल्या रुग्णाशी झालेले संभाषण दुसऱ्या जाणत्या व्यक्तीपुढे नियमितपणे मांडणे, आणि तिच्या साहाय्याने त्याचा नव्याने अर्थ लावणे. उपचाराच्या गुणवत्तेला या व्यवहाराचा आधार कसा मिळतो, आणि तो कोणत्या अटींवर टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वैद्यकाच्या इतर शाखांत उपचार सहसा अनेकांच्या साक्षीने होतो. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ असतो, परिचारिका असतात. रक्ततपासणीचा अहवाल दुसऱ्या डॉक्टरला पुन्हा पाहता येतो. मानसोपचाराची खोली बंद असते, आणि ती बंद असणे ही उपचाराची पूर्वअटच असते. तेथे जे घडते ते बहुतांशी भाषेत घडते आणि बोलून होताच विरून जाते. चूक झाली तर तिचे साक्षीदार दोघेच. त्यांपैकी रुग्ण दुःखाने गांजलेला असतो. उपचार लागू पडत नसेल तर दोष आपलाच, असे त्याला वाटण्याचा संभव अधिक. उपचारक हा त्या संभाषणात स्वतःच गुंतलेला असतो. एखाद्या रुग्णाविषयी त्याला अधिक जिव्हाळा वाटतो, एखाद्याची धास्ती वाटते. एखाद्याचे रडणे सोसवत नाही म्हणून तो घाईने धीर देतो आणि विषय बदलतो. यातले पुष्कळसे त्याच्या नकळत होते. अशा वेळी, त्या खोलीबाहेर राहूनही त्या संभाषणाकडे लक्षपूर्वक कान देणाऱ्या तिसऱ्या श्रोत्याची गरज भासते.

या तिसऱ्या श्रोत्याचा इतिहास मनोविश्लेषणाच्या आरंभकाळापर्यंत मागे जातो. १९०९ साली सिग्मुंड फ्रॉइड यांनी ‘छोटा हान्स’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या मुलाचा वृत्तान्त प्रकाशित केला. घोड्यांची भीती बसलेल्या या मुलावरचे उपचार प्रत्यक्षात त्याच्या वडिलांनी, म्हणजे संगीतसमीक्षक माक्स ग्राफ यांनी केले. ते मुलाशी बोलत, त्याच्या बोलण्याची टिपणे फ्रॉइडना देत, आणि फ्रॉइड त्यांवरून पुढची दिशा सुचवीत. उपचारांच्या ओघात फ्रॉइडनी त्या मुलाला १९०८ च्या मार्चमध्ये एकदाच भेटीसाठी बोलावले होते. साहित्याच्या अभ्यासकाला यातील अडचण लगेच जाणवेल. फ्रॉइडसमोर मूल नव्हते. वडिलांनी सांगितलेले मूल होते. प्रत्येक कथनाला निवेदक असतो. निवेदक काही सांगतो, काही गाळतो, आणि काही त्याला दिसलेलेच नसते. पर्यवेक्षक जे ऐकतो तेही कथनच असते. या कथनावर विश्वास किती ठेवावयाचा, हा पर्यवेक्षणाचा पहिला प्रश्न होय.

पर्यवेक्षणाला संस्थात्मक रूप आले ते बर्लिनमध्ये. माक्स आयटिंगॉन आणि एर्न्स्ट झिमेल यांनी १९२० साली तेथे मनोविश्लेषणाचे चिकित्सालय उघडले. तेथील शिक्षणाची तीन अंगे ठरली : विद्यार्थ्याचे स्वतःचे विश्लेषण, तत्त्वांचे अध्ययन आणि अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली केलेले उपचार. १९२५ साली आंतरराष्ट्रीय शिक्षण-मंडळ स्थापन झाल्यावर ही त्रिसूत्री इतर देशांतही पोहोचली. तिसऱ्या अंगाला त्या काळी ‘नियंत्रण-विश्लेषण’ असे म्हणत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बुडापेस्टच्या मंडळींनी मात्र वेगळी भूमिका घेतली. विद्यार्थ्याच्या पहिल्या रुग्णाची चर्चा त्याच्या स्वतःच्या विश्लेषकापुढेच व्हावी, कारण रुग्णाविषयी त्याला जे वाटते त्याची मुळे त्याच्याच मनात असतात, असे व्हिल्मा कोव्हाच यांचे प्रतिपादन होते. बर्लिनचा आग्रह असा की शिकविणे आणि उपचार करणे ही दोन कामे एकाच व्यक्तीकडे नसावीत.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु एक पेच दोघांनाही सुटला नाही. जो मार्ग दाखवितो तोच विद्यार्थी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हेही ठरवीत असेल, तर विद्यार्थी त्याच्यापुढे आपल्या चुका मोकळेपणाने कशा ठेवील? आणि चुकाच झाकल्या गेल्या तर पर्यवेक्षणाचा उपयोग काय? बुडापेस्टच्याच परंपरेत वाढलेल्या मायकेल बालिंट यांनी १९४८ साली मनोविश्लेषणाच्या शिक्षणपद्धतीवर टीका करताना तिच्यातील हुकमी वृत्तीवर बोट ठेवले. त्यानंतर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी सामान्य डॉक्टरांचे छोटे गट जमविले. डॉक्टरांनी आपल्या रुग्णांविषयी समव्यावसायिकांच्या गटात बोलावे आणि सर्वांनी मिळून त्या बोलण्याचा विचार करावा, अशी ही रीत होती. तिच्यावर आधारलेले त्यांचे पुस्तक १९५७ साली निघाले.

निवेदकाच्या विश्वसनीयतेचा प्रश्न दुसऱ्या एका मार्गाने पुढे गेला. अमेरिकेत ओहायो येथे कार्ल रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाचे संभाषण तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केला. १९४२ साली रॉजर्स यांनी आपल्या ग्रंथात एका रुग्णाच्या आठही मुलाखती शब्दशः छापल्या. ध्वनिमुद्रण ऐकताना असे दिसून आले की, आपण रुग्णाला काही सुचवीत नाही, केवळ ऐकतो, अशी ज्यांची प्रामाणिक समजूत होती ते समुपदेशकही पुष्कळ वेळा रुग्णाला आपल्या दिशेने वळवीत होते. स्मरणातून सांगितलेल्या हकिकतीत ही गोष्ट कधीच आली नसती. आता पर्यवेक्षकाच्या हाती वृत्तान्ताऐवजी संहिता आली.

तथापि संहिता मिळाली म्हणून निवेदकाचे महत्त्व संपले नाही. हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ साली एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. रुग्ण आणि उपचारक यांच्या नात्यातील ताण पुष्कळदा उपचारक आणि पर्यवेक्षक यांच्या नात्यात प्रतिबिंबित होतो. रुडॉल्फ एक्स्टाइन व रॉबर्ट वॉलरस्टाइन यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात याच प्रकाराचा विस्ताराने विचार केला, आणि पुढे तो ‘समांतर प्रक्रिया’ या नावाने रूढ झाला. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादी स्त्री उपचारकाकडे येते, प्रत्येक सूचनेला होकार देते, आणि करीत काहीच नाही. काही आठवड्यांनी तोच उपचारक पर्यवेक्षकासमोर बसून प्रत्येक सूचनेला ‘हो, बरोबर आहे’ म्हणू लागतो, आणि पुढच्या खेपेस काहीच बदललेले नसते. पर्यवेक्षकाला चीड येते. ही चीड त्याने उपचारकावर काढली तर सगळेच बिघडेल. पण ‘मला आज जे वाटते आहे, तेच तुम्हांला त्यांच्यासमोर वाटत असेल काय?’ असे त्याने विचारले, तर उपचारकाला आपल्या रुग्णाकडे जाण्याची नवी वाट सापडू शकते. निवेदक जे गाळतो ते त्याच्या सांगण्याच्या ढंगातून प्रकट होते, ही गोष्ट साहित्यसमीक्षेला अपरिचित नाही.

अशा रीतीने पर्यवेक्षणाची कामे स्पष्ट होत गेली. ब्रिटनमध्ये ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात त्यांची त्रिविध मांडणी केली. पहिले काम मर्यादा राखण्याचे : रुग्णाच्या हिताला आणि व्यवसायाच्या नीतीला बाध येत नाही ना, हे पाहणे. दुसरे घडविण्याचे : उपचारकाचे कौशल्य आणि जाण वाढविणे. तिसरे सावरण्याचे : दिवसामागून दिवस दुसऱ्यांचे दुःख ऐकून थकलेल्या मनाला आधार देणे. तिसऱ्याला कोणी दुय्यम मानू नये. थकलेला माणूस ऐकल्यासारखे करतो, पण ऐकत नाही. आणि न ऐकलेल्या रुग्णाचे नुकसान कोणत्याही अहवालात उमटत नाही.

भारतात हा प्रश्न अधिक बिकट आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. ही तूट केवळ तज्ज्ञांच्या बळावर भरून निघणारी नाही. म्हणून मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना निवडून, शिकवून त्यांच्याकडे हे काम सोपविण्याचे प्रयोग झाले. त्यांत गोव्यातील ‘संगत’ या संस्थेचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. पण अशा समुपदेशकांवर देखरेख कोणी करावी? तज्ज्ञच विरळ, म्हणून तर हे समुपदेशक उभे राहिले. त्यांच्या पर्यवेक्षणासाठी पुन्हा तज्ज्ञच लागणार असतील तर मूळ अडचण जेथल्या तेथेच राहते.

यावर तेथे शोधलेला मार्ग असा : समुपदेशक आपल्या भेटींचे ध्वनिमुद्रण करीत, दर आठवड्याला गटाने एकत्र बसत, एका सहकाऱ्याची भेट सर्वजण ऐकत, आणि ठरलेल्या निकषांवर तिला गुण देऊन चर्चा करीत. सहकाऱ्यांनी दिलेले गुण आणि तज्ज्ञांनी दिलेले गुण यांची तुलना करणारा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोहोंत बऱ्याच अंशी मेळ आढळला. बालिंट यांचा गट आणि रॉजर्स यांची तबकडी येथे एकत्र आल्या, असे म्हणता येईल. २०१७ साली या उपचाराच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा तीत समावेश होता. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अर्थात ही चाचणी संपूर्ण उपचारपद्धतीची होती. तिच्या यशाचे सारे श्रेय पर्यवेक्षणाला देणे योग्य होणार नाही. परंतु ते यश पर्यवेक्षणाशिवाय काम करणाऱ्यांचे नव्हते, इतके निश्चित.

येथे एक शंका रास्त ठरेल. बंद खोलीतील बोलणे तिसऱ्याच्या कानी पडले तर गोपनीयतेचे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. त्याचा अर्थ असा की पर्यवेक्षणाची कल्पना रुग्णाला आरंभीच दिली पाहिजे, ध्वनिमुद्रणाला त्याची संमती घेतली पाहिजे, आणि जे बाहेर येईल त्यातून त्याची ओळख पुसली पाहिजे. आपल्याविषयी आणखी कोणी विचार करीत आहे, हे लपवून ठेवण्याजोगे काही नव्हे. ते उघडपणे सांगितले तर त्यातून रुग्णाला धीर मिळण्याचाही संभव आहे.

ब्रिटनमधील समुपदेशकांच्या प्रमुख व्यावसायिक संघटनेने शिक्षण संपल्यानंतरही पर्यवेक्षणाचे बंधन कायम ठेवले आहे. तेथे वीस वर्षांचा अनुभवी समुपदेशकही आपले काम कोणापुढे तरी मांडतो. आपल्याकडे मात्र पदवी हाती येताच पर्यवेक्षण संपले, असे मानण्याकडे कल आहे. ज्ञान पदवीने सिद्ध होते. ऐकण्याची क्षमता मात्र रोज नव्याने सिद्ध करावी लागते. म्हणून चिकित्सालये, विद्यापीठांतील समुपदेशन केंद्रे आणि स्वयंसेवी संस्था यांनी पर्यवेक्षणाचा तास हा कामाच्या वेळेतच धरावा, त्याचे वेतन द्यावे, आणि नोकरीतील बढती वा बडतर्फी ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापासून तो शक्यतो वेगळा ठेवावा. हे झाले तर ‘पर्यवेक्षक’ या शब्दातील परीक्षेच्या खोलीचा धाक हळूहळू ओसरेल, आणि रुग्णाच्या वतीने ऐकणारा तिसरा श्रोता असा त्याचा अर्थ आपल्या भाषेतही रुजू लागेल.