अपोलो बंदरचा मंडप, दौंडच्या पुठ्ठ्यात

दौंडच्या माणसाने समुद्रकाठच्या निवाऱ्यावर बोलायचं म्हणजे गंमतच. आमच्याकडे पाणी म्हणजे भीमा. शिरूरला माझा मित्र राहतो, त्याची घोड नदी. पण सुट्टीत आम्ही दोघांनी मुंबईच्या अपोलो बंदरावरचा एक मंडप पुठ्ठ्यात उभा करायला घेतला. तो मंडप आज जागेवर नाहीच.

२ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी या बंदरावर उतरले, तेव्हा गेटवे ऑफ इंडिया बांधलेलंच नव्हतं. ते खुलं झालं ४ डिसेंबर १९२४ ला. स्वागतासाठी बंदरावर मंडप घातला होता. तो गेला, फोटो राहिले.

आता फोटोतून उंची कशी काढायची? माणसांवरून अंदाज घ्यावा, तर डोक्यावर कुणाचा फेटा, कुणाची हॅट. इथे समुद्र कामाला येतो. सपाट जमिनीवर उभं राहून फोटो काढला, तर क्षितिजाची रेघ प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवरच कापते. वस्तू जवळ असो की लांब. म्हणजे कॅमेरा ५ फुटांवर असेल आणि रेघ खांबाला पायापासून पाव उंचीवर कापत असेल, तर खांब २० फुटांचा. बास, एवढंच गणित. आणि कॅमेऱ्याची उंची? रेघ उभ्या माणसांच्या डोळ्यांवरून जात असेल, तर कॅमेराही साधारण तेवढ्याच उंचीवर होता.

अपोलो बंदरावर एक सांभाळायचं. समोर उघडा समुद्र नाही, खाडीपलीकडे डोंगर दिसतात. डोंगराचा माथा धरायचा नाही, पाण्याची लांबची कड धरायची.

आधी गावात करून बघू म्हटलं. मित्राच्या गावच्या एसटी थांब्याची शेड घेतली. क्षितिज झाडांत लपलेलं, पण मोबाईल अजिबात न कलवता सरळ धरला की क्षितिज फोटोच्या मधोमध येतं. मोबाईल ५ फुटांवर, रेघ खांबाच्या बरोबर मध्यावर. म्हणजे खांब १० फूट! टेप लावला तर ७. मित्र म्हणाला, "तुझं गणित ना, पुठ्ठ्यातच ठेव."

चूक गणिताची नव्हती, माझी होती. मी रस्त्यावर उभा होतो आणि खांब दीड फूट उंच ओट्यावर. म्हणजे रेघ खांबाच्या पायापासून साडेतीन फुटांवरच कापत होती. दुप्पट केलं की बरोबर ७. तेव्हापासून कुठल्याही जुन्या फोटोत मी आधी पायऱ्या मोजतो.

रंगाचं प्रकरण मात्र टेपने सुटणारं नाही. त्या काळच्या बहुतेक फोटोप्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल कापड काळं उमटायचं, निळं आकाश पांढरंफट्ट. त्यामुळे फोटोतली काळी झालर खरं तर लाल असू शकते. मी काय केलं, एका ॲपमध्ये फोटो टाकला, त्याने छान रंग भरून दिले आणि मी घरच्या ग्रुपवर टाकलं, "मंडप असाच होता." आजीने मॉडेल हातात घेतलं, फिरवलं आणि विचारलं, "मागनं पण असाच होता का रे? तू बघितलास?"

मागची बाजू आमच्याकडच्या एकाही फोटोत नव्हती. तिथली नक्षी मी मनाने काढली होती.

जुन्या वास्तू जपणाऱ्यांचा १९६४ चा व्हेनिस जाहीरनामा आहे, त्यात हेच लिहिलंय: जिथे अंदाज सुरू होतो, तिथे दुरुस्तीचं काम थांबवायचं. ते मला आजीनंतर कळलं. मग ग्रुपवरचा मेसेज काढून टाकला, मागची नक्षी सोलून काढली. आता तिथे नुसता कोरा, तपकिरी पुठ्ठा आहे. समोरून रुबाबदार, मागून खोकं.

तुमच्याकडे कुणाच्या जुन्या अल्बममध्ये त्या मंडपाचा मागून काढलेला फोटो असेल, तर पाठवा. पुठ्ठा शिल्लक ठेवलाय.