पू का झाला नाही?

‘बॉम्बे ब्लड ग्रुपचा दाता तातडीने हवा’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला की एक प्रश्न हमखास येतो : या गटाच्या माणसांची प्रतिकारशक्ती कमी असते का? नसते. पण प्रश्न भाबडा मुळीच नाही.

1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईतल्या या रक्ताची नोंद केली. ओ गटाच्या रक्तातही असणारा ‘एच’ हा पायाच त्यात नव्हता. फ्युकोज नावाच्या साखरेचा एक रेणू टोकाला जोडला गेला की एच तयार होतो. आपल्याकडे ही गोष्ट रक्तपेढीच्या दारातच संपते, याची मला हळहळ वाटते. कारण तिचा पुढचा अध्याय रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर लिहिलेला आहे.

1992 साली इस्रायलमधल्या अमोस एत्झिओनी आणि सहकाऱ्यांनी दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. एकमेकांच्या नात्यातली नसलेली ही मुलं सारखी न्यूमोनियाने आजारी पडत, हिरड्या सुजत. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, पण जखमेत पू नाही. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच. म्हणजे फौज वाहत होती, पण उतरत नव्हती. दोघांचाही रक्तगट बॉम्बे! एवढा दुर्मीळ गट दोघांत सापडावा, हाच धागा ठरला. या मुलांच्या शरीराला फ्युकोज कुठेच नीट जोडता येत नव्हतं, ना तांबड्या पेशींवर, ना पांढऱ्यांवर. एरवीच्या बॉम्बे गटात फक्त एच बनवणारा दुवा तुटलेला असतो. पांढऱ्या पेशींवरचं फ्युकोज शाबूत राहतं.

आणि तेच फ्युकोज रक्तवाहिनीचा हात पकडतं. या हाताचं नाव सिलेक्टिन. वाहिनीच्या आतल्या अस्तरात लांबट, कांडीसारख्या पुड्या असतात. त्या वायबेल आणि पॅलेड यांनी 1964 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, पण त्यांत सिलेक्टिन दडलेलं असतं हे कळायला 1989 उजाडलं. काटा रुतला, हिस्टामिन सुटलं, की काही मिनिटांत हे प्रथिन पृष्ठभागावर येतं. धावत्या प्रवाहातली पांढरी पेशी त्याला अडखळते आणि भिंतीवरून गडगडत जाते. मला थक्क करतो तो पकडीचा स्वभाव : सरफास ओढल्यावर आवळतो, तशी ही पकड प्रवाहाच्या ताणाने काही मर्यादेपर्यंत अधिक टिकते. मग आयकॅम-1 हे दुसरं प्रथिन पेशीला घट्ट थोपवतं आणि ती अस्तरातून पलीकडे निसटते.

असेच हात रोहिणीत घात करतात. मानेतली रोहिणी जिथे दुभंगते तिथे प्रवाह भोवऱ्यासारखा घुटमळतो. कोलेस्टेरॉल साचू लागलं की तिथलं अस्तर व्हीकॅम-1 नावाचा असाच एक हात पुढे करतं. जंतू नसताना पांढऱ्या पेशी आत शिरतात, चरबी गिळून फुगतात आणि थर वाढत जातो. रोहिणीतले थर फाट्यांवर आणि वळणांवर अधिक का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

पांढऱ्या पेशींचं असं उतरणं हाच सुजेचा गाभा. म्हणून ‘सूज घालवा’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास बसत नाही. सगळेच हात बांधले, तर उरतं इस्रायलच्या त्या मुलांचं दुखणं. नेमका एकच हात धरणंही सोपं नाही. सिलेक्टिन अडवणाऱ्या क्रिझानलिझुमॅबला 2019 मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. गडचिरोली-नंदुरबारकडे हा आजार किती छळतो, ते आपण जाणतो. पुढच्या मोठ्या चाचणीत ते औषध लुटुपुटीच्या औषधाहून सरस ठरलं नाही. 2023 मध्ये युरोपने मान्यता काढून घेतली.

पू न होणाऱ्या अशाच एका मुलाला जर्मनीत तोंडावाटे नुसतं फ्युकोज दिलं गेलं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीनुसार त्याच्या पांढऱ्या पेशींना हरवलेली पकड परत मिळाली आणि संसर्ग थांबले. इस्रायलच्या मुलांना मात्र त्या साखरेचा उपयोग झाला नाही.