बोये सांभाळणारी जहाजे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खडक, उथळ जागा आणि बंदराची वाट दाखवण्यासाठी समुद्रतळावरच्या वजनाला साखळीने बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण म्हणजे बोया. बोये जागच्या जागी आणि चालू ठेवण्यासाठी खास जहाजे असतात.

गैरसमज : बोया एकदा सोडला की काम संपले.

वस्तुस्थिती : बोयाच्या बुडालेल्या भागावर शेवाळ आणि शिंपले चढून त्याचे वजन वाढते. साखळीचा तळावर घासणारा भाग सर्वांत लवकर झिजतो. साखळी तुटली तर बोया वाहून जातो. मोठ्या वादळात तो तळाच्या वजनासकट सरकूही शकतो. जागा सोडलेला बोया जहाजाला थेट उथळ पाण्यात नेऊ शकतो.

गैरसमज : क्रेन असलेली कोणतीही बोट हे काम करू शकते.

वस्तुस्थिती : बोया, साखळी आणि वजन मिळून भार कित्येक टनांचा होतो. म्हणून या जहाजांचा कामाचा डेक पाण्यापासून फार उंच नसतो. त्यावर क्रेन, विंच आणि साखळी रोखून धरणारी यंत्रे असतात. अनेक आधुनिक जहाजे उपग्रहावरून स्थान घेतात आणि संगणकाने चालणाऱ्या प्रोपेलरांच्या जोरावर वारा-प्रवाहातही नांगर न टाकता एका जागी थांबतात. बोया वर घेऊन धुतला जातो, साखळीची जाडी मोजली जाते, दिवा आणि बॅटरी तपासली जाते.

गैरसमज : भारतात हे काम नौदल करते.

वस्तुस्थिती : किनाऱ्यावरील सर्वसाधारण नौवहन खुणा दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालयाकडे असतात, बंदरे आपल्या वाटेवरचे बोये स्वतः सांभाळतात. ‘सागरदीप-2’, ‘प्रदीप’ आणि ‘इंदिरा पॉइंट’ ही महासंचालनालयाची जहाजे. 1927च्या दीपगृह कायद्याची जागा 2021च्या नव्या कायद्याने घेतली.

गैरसमज : उपग्रहांमुळे बोयांची गरज उरलेली नाही.

वस्तुस्थिती : उपग्रहाचा संकेत अडवता येतो, बिघडवताही येतो. डोळ्यांना दिसणारी खूण ही त्याची स्वतंत्र पडताळणी असते. साध्या उपकरणांवर चालणाऱ्या मासेमारी नौकांना तर तिचाच आधार असतो.

गैरसमज : किनारा नसलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा याच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : जिल्ह्यातला निर्यातीचा कांदा न्हावा-शेव्याहून जहाजावर चढतो. तिथून खुल्या समुद्रापर्यंतची वाट खोदून खोल केलेली आहे आणि तिच्या कडा पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाहीत. जहाजाला त्या दाखवतात ते बोयेच.